जागा रुग्णाची असते
(नारायण मेघाजी लोखंडे यांच्या स्मृतिदिनी दिलेलं व्याख्यान)

नाइट संपवून, झोप न घेता थेट इथे आलेल्या माझ्या बहिणींनो,

कामगार चळवळीच्या थोर माणसाच्या स्मृतिदिनी एका नर्सला बोलवावं, असं तुम्हाला वाटलं याचा मला आनंद आहे. मी चौतीस वर्षं सरकारी रुग्णालयांत काम केलं. अधिपरिचारिका म्हणून लागले, परिसेविका म्हणून निवृत्त झाले आणि त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं संघटनेच्या कामात होते. आज जे सांगणार आहे ते दोन्हीकडून आलेलं आहे, वॉर्डातून आणि गेटसभेतून.

लोखंडे म्हटलं की आपल्याला रविवारची सुट्टी आठवते. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि १८९० मध्ये आठवड्याची सुट्टी पदरात पाडून घेतली. ते गेले कसे, हे मात्र थोड्यांना माहीत असतं. १८९६च्या पावसाळ्याअखेर मुंबईत प्लेग शिरला. मांडवीत सुरुवात झाली आणि बघता बघता गिरणगावापर्यंत पोचला. ज्यांना शक्य होतं ते गाव गाठत होते. लोखंडे थांबले. कामगारवस्तीतल्या आजाऱ्यांच्या दवापाण्यात त्यांनी स्वतःला झोकून दिलं आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच त्यांचा अंत झाला. पुढच्याच महिन्यात, १० मार्चला, सावित्रीबाई फुले गेल्या, त्याही पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना.

कामगारांच्या पुढाऱ्याने आजाऱ्यांच्या सेवेत का उतरावं? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले होते. आत नेलेला माणूस परत येत नाही, अशी त्यांची समजूत झाली होती. खाटा होत्या, औषधं होती, डॉक्टर होते, पण भरवसा नव्हता. आपल्या ओळखीचं, आपल्या बोलीत बोलणारं कुणी तिथे नव्हतं. लोखंड्यांनी ती उणीव स्वतः उभं राहून भरून काढली. त्याच आर्थर रोडवर आज कस्तुरबा रुग्णालय आहे. २०२० मध्ये मुंबईतले पहिले करोना रुग्ण तिथेच दाखल झाले होते.

त्या काळातली आणखी एक गोष्ट सांगते. प्लेगच्या कडक नियमांनी घाबरून हलालखोर, म्हणजे शहराचा मैला उचलणारे सफाई कामगार, मुंबई सोडून जातील की काय, ही पालिकेला मोठी धास्ती होती. आयुक्त स्नो यांच्या अहवालात ती उघड दिसते. ते गेले असते तर शहरात राहणं अशक्य झालं असतं, म्हणून नियमच सैल करावे लागले. ज्यांना कुणी घरात घेत नव्हतं त्यांच्यावाचून सगळा कारभार अडतो, हे साहेबाच्या सरकारला त्या दिवसांत कळलं. पण त्यावर सरकारने केलं काय? ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा केला. लोखंडे जाण्याच्या पाच दिवस आधी. तोच कायदा २०२० मध्ये आपल्याला लावला. साथ आली की अधिकार वाढवायचे आणि माणसं तेवढीच ठेवायची, ही सवय तेव्हापासूनची आहे.

आमच्या खात्यात एक शब्द आहे, आकृतिबंध. कोणत्या रुग्णालयाला किती डॉक्टर, किती नर्सेस, किती तंत्रज्ञ, किती कक्षसेवक हे त्यात ठरतं. त्याच्या तक्त्यात तीन रकाने असतात: मंजूर, भरलेली, रिक्त. तिसऱ्या रकान्याकडे वित्त विभाग बचत म्हणून पाहतो. कर्मचारी संघटना त्याच्याकडे भरती म्हणून, बेरोजगार मुलामुलींचा हक्क म्हणून पाहते. मीही बरीच वर्षं तशीच पाहत होते. पुढे माझं मत बदललं, आणि आज मला तेवढंच सांगायचं आहे. ती जागा सरकारची नसते आणि कर्मचाऱ्याचीही नसते. ती रुग्णाची असते. आम्ही काही वर्षं तिथे उभ्या राहतो आणि पुढचीच्या हवाली करून जातो. जागा रिकामी राहिली की ज्याचं नुकसान होतं तो माणूस संपावर जाऊ शकत नाही, कोर्टात जाऊ शकत नाही. आपलं काय गेलं हे पुष्कळदा त्याला कळतही नाही.

हे मत कशाने बदललं ते सांगते.

बाळंतपण झाल्यावर पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी त्या बाईकडे जायचं असतं. नाडी बघायची, बीपी घ्यायचं, पोटावर हात ठेवून पिशवी घट्ट आहे का ते चाचपायचं, पॅड किती भिजलं ते बघायचं. दोन तासांत आठ वेळा. एका रात्रीत सहा बाळंतपणं झाली तर अठ्ठेचाळीस वेळा. त्यात एखादी झटके येणारी असते. तिला मॅग्नेशियम सल्फेट चालू असतं. पुढचा डोस देण्याआधी तिचे श्वास मोजायचे, गुडघ्यावर ठोकून पाय उडतो का पाहायचं, चार तासांत लघवी किती झाली ते मोजायचं. यातलं काही चुकलं तर जे औषध तिला वाचवतं तेच तिचा श्वास थांबवू शकतं. शिवाय नवी केस येते, बाळ दूध ओढत नाही, सलाइन संपतं, नातेवाईक दारात उभे असतात.

एका जिल्ह्याच्या गावी, पावसाळ्यातल्या रात्री, माझ्याकडे तेवीस माता होत्या. मी एकटी आणि सोबत एक मावशी. दुसऱ्या नर्सची ड्युटी ऐन वेळी थिएटरला लावली होती. तीन नंबरच्या खाटेवर पंचविशीची मुलगी होती, दुसरं बाळंतपण, सगळं सुरळीत झालेलं. १.१५ला मी तिला पाहिलं. तेवढ्यात टेबलवरच्या बाईचं बाळ दिसायला लागलं, मी तिकडे धावले. ते बाळ रडलं नाही. त्याला रडवण्यात वेळ गेला. परत तीन नंबरला आले तेव्हा २.०५ झाले होते. मुलीने हाक मारली नव्हती. बाळंतपणात एवढं जातंच, असं तिला वाटलं होतं. चादर उचलली तर गादी भिजून खाली थेंब पडत होते. ओठ पांढरे.

डॉक्टर धावत आले, रक्त मिळालं, ती वाचली. पण पिशवी काढावी लागली. मला कारणे दाखवा नोटीस आली: १.३० आणि १.४५च्या नोंदी का नाहीत? मी खरं तेच लिहिलं, त्या वेळी दुसऱ्या टेबलवर होते. चौकशीत मला सात प्रश्न विचारले. त्या वॉर्डात जागा किती मंजूर आणि किती भरलेल्या, हा प्रश्न त्यांत नव्हता. मीही तो स्वतःहून मांडला नाही. आपण कबुली द्यायची, फाइल बंद होऊ द्यायची, एवढंच तेव्हा कळत होतं. ती मुलगी आजही डोळ्यांसमोर येते. तिला कुणी सांगितलं नाही की तुझ्या वाट्याची एक नर्स त्या रात्री तिथे असायला हवी होती.

किती नर्स असाव्यात याचे दंडक आहेत. साध्या वॉर्डात सहा रुग्णांमागे एक, अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक, हे केंद्राच्या स्टाफ इन्स्पेक्शन युनिटने कधीच ठरवून दिलं आहे. ही संख्या प्रत्येक पाळीत हवी, आणि रजा, आजारपण, बाळंतपणाच्या सुट्ट्या धरून राखीव माणसं वेगळी हवीत. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूर अधिवेशनात महालेखापरीक्षकांचा महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्यावरचा अहवाल ठेवला गेला. नर्सेसच्या मंजूर जागांपैकी साधारण एक तृतीयांश रिकाम्या असल्याचं त्यातून दिसलं. तरी मंजूर जागा म्हणजे गरजेच्या जागा नव्हेत. खाटा वाढतात, नवा विभाग उघडतो, फीत कापली जाते, आकृतिबंध मात्र जुनाच चालू राहतो.

१५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून उपचार मोफत झाले. मला त्याचा मनापासून आनंद झाला, ती आमच्याही संघटनेची मागणी होती. पण फुकट झाल्यावर रांग वाढणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. खिडकीवरचे पैसे बंद केले त्याच दिवशी खिडकीमागची माणसं वाढवायला हवी होती.

आता कंत्राटाबद्दल. १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं. खेड्यापाड्यांत त्याने जे काम उभं केलं त्याला मी नावं ठेवणार नाही. दवाखान्यातली बाळंतपणं, नवजात बाळांचे कक्ष, रुग्णवाहिका हे सगळं त्यातून आलं. पण ते आलं अकरा महिन्यांच्या कराराच्या माणसांवर. करार संपला की एक-दोन दिवसांचा खंड आणि पुन्हा ऑर्डर. असं करत मुली वीस-वीस वर्षं काम करत राहिल्या. शेजारच्या खाटेजवळ तेच काम करणाऱ्या कायम नर्सचा पगार त्यांच्या दुपटीहून जास्त.

लोक म्हणतात, हा पगाराचा प्रश्न आहे, तुमचा आपसातला. नाही. बाराशे ग्रॅमच्या बाळाच्या हाताला शीर शोधणं ही पुस्तकातून येणारी गोष्ट नाही. ती शीर दोऱ्याएवढी असते, बोटाला लागत नाही, उजेडात हात धरला तर अंधुक दिसते. नवीन मुलीला ते जमायला वर्ष-दीड वर्ष जातं. कंत्राटी मुलगी ते शिकते आणि कुठे कायम नोकरी मिळाली की जाते, आणि जायलाच हवं, तिलाही पोरंबाळं आहेत. तिच्या जागी नवी येते. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि सुरुवातीची ती टोचणी कुणाच्या तरी बाळाच्या हाताला. कायम जागेने नर्सला निवृत्तिवेतन मिळतं, बाळाला सराव झालेला हात मिळतो.

९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागली. सतरा बाळांपैकी दहा गेली. त्या आयांपुढे बोलायला माझ्याकडे शब्द नाहीत. पण त्यानंतरच्या कारवाईबद्दल बोललं पाहिजे. कायम नोकरीतले निलंबित झाले, कंत्राटी होते त्यांची सेवाच संपवली गेली. एकच रात्र, एकच कक्ष. कायम असलेल्याला चौकशी मिळते, म्हणणं मांडता येतं, कंत्राटीला एका ओळीचा कागद. अशा मुलीने उद्या वायर जळल्याचा वास आला, मशीन बिघडलं, म्हणून वरिष्ठांना लेखी कळवायचं धाडस करावं कसं? तक्रार करणारीचा करार पुढे वाढेल की नाही हा घोर तिच्या डोक्यात असतोच. रुग्णालयातल्या धोक्याची पहिली खबर खालच्या माणसाला लागते. त्याचं तोंड बांधलेलं असेल तर ती वर पोचत नाही.

कायद्याचं सांगायचं तर सर्वोच्च न्यायालयाच्या २००६च्या उमादेवी निकालाचा आधार घेऊन सरकारांनी वर्षानुवर्षं सांगितलं, कंत्राटींना कायम करता येत नाही. त्याच निकालात मंजूर जागांवर दहा वर्षं काम केलेल्यांसाठी एकवेळची सोय करायला सांगितली होती, ती ओळ वाचून दाखवायची राहून गेली. २०१६ मध्ये जगजीत सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने समान कामाला समान वेतनाचं तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू केलं. डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो खटल्यात सांगितलं की उमादेवीचा आधार घेऊन वर्षानुवर्षं राबलेल्यांचे हक्क नाकारता येणार नाहीत. आपल्या राज्यानेही १४ मार्च २०२४ रोजी निर्णय काढला, दहा वर्षं झालेल्यांना ३० टक्के जागांवर सामावून घ्यायचा. आणि त्याच निर्णयाची अंमलबजावणी व्हावी म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये याच मुलामुलींना पुन्हा संपावर बसावं लागलं.

आशाताईंची गोष्ट याहून कठीण. हजार वस्तीमागे एक आशा. आपल्या राज्यात त्या सत्तर हजारांच्या आसपास आहेत. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा गौरव केला, आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कागदोपत्री मात्र ती कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहे. कामागणिक मोबदला: गरोदर बाईची नोंदणी केली तर इतके, लसीकरण पुरं केलं तर इतके. बाई रात्री दोन वाजता कळा देत असते तेव्हा आशा तिच्याबरोबर जीपमध्ये बसते. त्या वेळी ती स्वयंसेविका असते की कर्मचारी? २०२३च्या ऑक्टोबरात त्या संपावर गेल्या, सात हजारांच्या वाढीचं आश्वासन मिळालं. ते कागदावर यावं म्हणून जानेवारीत पुन्हा संप, आझाद मैदानात मुक्काम, आणि मार्चमध्ये हातात आले पाच हजार. तिथे मी त्यांच्यासोबत काही रात्री काढल्या. एकीच्या मांडीवर वही होती, संपातही ती गावातल्या जोखमीच्या गरोदर बायांची नावं फोनवरून विचारून टिपत होती.

सुधारणा हव्यात की नकोत? हव्यात, आणि आमच्याकडून जास्त हव्यात. पण सुधारणा या नावाखाली आमच्यापुढे काय येतं ते पाहा. ६ सप्टेंबर २०२३च्या निर्णयाने नऊ खासगी एजन्सींमार्फत सरकारी कामाला माणसं घ्यायचं ठरलं. राज्यभर ओरड झाली आणि ऑक्टोबरात तो रद्द झाला. त्याआधी २०२१ मध्ये आरोग्य विभागाच्या भरतीचे पेपर फुटले, परीक्षा रद्द झाली, आणि वयोमर्यादेच्या काठावर उभी असलेली हजारो मुलं दोन वर्षं लटकली. तामिळनाडूने २०१२ मध्ये आरोग्यसेवेसाठी वेगळं भरती मंडळ काढलं, जागा रिकाम्या होतील तशा भरायला. ही सुधारणा आम्हाला हवी आहे. समुपदेशनाने बदल्या हव्यात, म्हणजे दुर्गम भाग शिक्षेचा राहणार नाही. हजेरीचं यंत्र लावा, आमची हरकत नाही. फक्त त्याच यंत्राने दोन पाळ्या सलग केलेल्या नर्सचे जादा तासही मोजावेत.

आता आपल्या घरातलं बोलते, राग मानू नका. कंत्राटी मुली पहिल्यांदा आल्या तेव्हा आम्ही कायम नर्सेसनी त्यांना सभासद करून घेतलं नाही. त्या आमच्या जागा खातील अशी भीती होती. अवघड ड्युट्या त्यांच्या गळ्यात घातल्या, सणाच्या नाइट त्यांना लावल्या. मीच ते ड्युटी-पत्रक बनवत होते. आपले काही सभासद सही करून गेले, काही डॉक्टर दुपारनंतर खासगी दवाखान्यात दिसले, आणि संघटनेने त्यांना पाठीशी घातलं. त्या प्रत्येक वेळी लोकांचा आपल्यावरचा भरवसा कमी झाला. जागा रुग्णाची आहे असं सरकारला सांगायचं तर ते आधी आपल्यालाही लागू होतं.

आणि संप. संपाने रुग्णांचे हाल होतात, हे खरं आहे, मी ते नाकारणार नाही. म्हणून आमच्या संघटनेने अतिदक्षता, बाळंतपण आणि अपघात विभाग शक्य तोवर संपातून वगळले. पण संपाच्या सात दिवसांचे हाल छापून येतात. उरलेल्या तीनशे अठ्ठावन्न दिवसांचे तिसऱ्या रकान्यात पडून राहतात.

कॅलिफोर्नियातल्या नर्सेसच्या संघटनेने १९९९ मध्ये नर्स आणि रुग्ण यांच्या प्रमाणाचा कायदा करून घेतला, २००४ पासून तो लागू झाला. तिथे ठरल्याहून जास्त रुग्ण एका नर्सकडे देणं बेकायदा आहे. आपल्याकडे दंडक आहेत, पण ते मोडले तर कुणालाच नोटीस येत नाही. विधिमंडळाने हे प्रमाण कायद्यात घालावं, ही या व्यासपीठावरून माझी मागणी आहे.

तोवर करता येण्याजोगी एक साधी गोष्ट आहे. प्रत्येक वॉर्डात काळी पाटी असते. एकूण रुग्ण, गंभीर, नवे दाखल, सुट्टी झालेले, असं रोज त्यावर खडूने लिहितात. निवृत्तीच्या आदल्या वर्षी मी तिच्यावर खाली एक ओळ वाढवली: या पाळीत परिचारिका. आणि पुढे आकडा. पहिल्या दिवशी वर एक्केचाळीस होते आणि खाली दोन. संध्याकाळी एक म्हातारा, बायकोच्या उशाशी बसलेला, उठून पाटीजवळ आला. त्याने दोन्ही आकडे वाचले, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, मी हिचं सलाइन बघत बसतो. संपत आलं की सांगतो."

दुसऱ्या दिवशी ती ओळ पुसायचा तोंडी आदेश आला. मी पुसली. तिसऱ्या दिवशी सकाळी ड्युटीवर आले तर पाटीवर ती पुन्हा होती. रात्रपाळीच्या कंत्राटी मुलीचं अक्षर होतं: परिचारिका, एक.